तिसऱ्या दिवसाची सकाळ: अल्सरेटिव्ह कोलायटिसचं एक प्रकरण

अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला दीर्घकाळ राहणारी सूज आणि व्रण. रुग्ण २९ वर्षांच्या शिक्षिका. तक्रार शौचातून रक्त जाण्याची, पाच महिन्यांपासूनची. सोबतच्या फाईलमध्ये मूळव्याधीचं मलम, पोट साफ होण्याचं औषध आणि मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकाचे दोन कोर्स. प्रत्येक कोर्सनंतर चार-सहा दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच सुरू झालं. थोडंफार बरं वाटल्यामुळेच निदान लांबलं. पूर्ण बरं वाटलं नाही याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मूळव्याधीचं रक्त सहसा लालभडक असतं. शौच झाल्यावर ते थेंबथेंब पडतं किंवा त्याची धार लागते. शौचाच्या खेपा त्यामुळे वाढत नाहीत आणि माणूस झोपेतून उठत नाही. इथे दिवसाला चार-पाच खेपा होत्या, रक्त आवेत कालवलेलं होतं, कुंथूनही पोट रिकामं झाल्यासारखं वाटत नव्हतं आणि रात्री एक-दोनदा जाग येत होती. रात्री झोपमोड करणारे जुलाब हा माझ्या लेखी धोक्याचा कंदील आहे. आतडं नुसतं चिडचिडं असेल तर रात्री ते सहसा माणसाला झोपू देतं.

आणखी एक गोष्ट त्यांनी अगदी शेवटी, खुर्चीवरून उठता उठता सांगितली. "घाई लागली की दोन मिनिटंही थांबता येत नाही, डॉक्टर. वर्ग सोडून पळावं लागतं." रक्ताबद्दल रुग्ण आपणहून बोलतात, घाईबद्दल बोलत नाहीत. ऐनवेळी कपडे खराब झाले असतील तर त्याबद्दल मुळीच नाही. त्यामुळे हे थेट विचारावं लागतं. सूज गुदाशयात असली की तो भाग ताणला जात नाही, मल साठवू शकत नाही आणि थोड्याशा आवेनेही 'आत्ताच्या आत्ता' असा निरोप मेंदूला जातो. खेपांचा आकडा कमी झाला तरी ही घाई टिकून असेल, तर आजार शमलेला नाही असं मी धरून चालतो.

निदान

हिमोग्लोबिन १०.१, शरीरातला लोहाचा साठा जवळपास संपलेला, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची चाचणी) किंचित वाढलेली. विष्ठेतलं कॅलप्रोटेक्टिन १,१८० निघालं. कॅलप्रोटेक्टिन हे न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन. आतड्याला सूज असली की या पेशी आतड्याच्या पोकळीत उतरतात आणि विष्ठेत हा आकडा चढतो. २५०च्या वर गेला की सूज असण्याची शक्यता बरीच असते. मात्र सूज कशामुळे आहे हे त्यातून कळत नाही. जंतुसंसर्गातही तो असाच वाढतो. म्हणून विष्ठेचा कल्चर, अमिबाची तपासणी आणि प्रतिजैविकांनंतर आतड्यात माजणाऱ्या क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूच्या विषाची चाचणी आधी केली. प्रतिजैविकांचे दोन कोर्स झालेले असताना ही शेवटची चाचणी टाळणं योग्य नव्हतं. सगळं निरंक आलं.

कोलोनोस्कोपीत गुदद्वाराच्या लगेच वरपासून सूज सुरू होत होती. अस्तर लालसर, दाणेदार, दुर्बीण लागताच रक्त येणारं, जागोजागी वरवरच्या जखमा, आणि रक्तवाहिन्यांची नेहमीची जाळी पुसली गेलेली. मध्ये कुठेही निरोगी पट्टा न सोडता ही सूज डावीकडच्या वळणापर्यंत चढली होती आणि तिथे रेघ मारावी तशी थांबली होती. पुढचं मोठं आतडं स्वच्छ. लहान आतड्याचं टोकही स्वच्छ. फक्त अपेंडिक्सच्या तोंडाभोवती एक छोटा लाल डाग होता.

या डागाने पुष्कळांना चकवलं आहे. मध्ये निरोगी भाग सोडून पुढे पुन्हा सूज दिसली की मनात पहिलं नाव येतं क्रोन्सचं (तुकड्यातुकड्यांनी पसरणारा आतड्याच्या सुजेचा दुसरा आजार), आणि ज्या भागात क्षयरोग जास्त आहे तिथे आतड्याच्या क्षयाचं. पण डाव्या बाजूच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये अपेंडिक्सजवळचा असा सुटा डाग ही ओळखीची गोष्ट आहे, तिच्यामुळे निदान बदलत नाही. लहान आतड्याचं टोक निरोगी होतं, गुदद्वाराजवळ भगंदर किंवा गळू नव्हतं, आतडं कुठे अरुंद झालेलं नव्हतं. शंका राहू नये म्हणून प्रत्येक भागातून वेगवेगळ्या बाटल्यांत बायोप्सी पाठवल्या, निरोगी दिसणाऱ्या भागातूनसुद्धा. सगळे तुकडे एकाच बाटलीत टाकले की सूज कुठे होती आणि कुठे नव्हती हेच हरवतं, आणि या आजारात निम्मं निदान त्यावर असतं.

पॅथॉलॉजीच्या अहवालात ग्रंथींची रचना वाकडीतिकडी झालेली, अस्तराच्या तळाशी प्लाझ्मा पेशींचा थर आणि ग्रंथींमध्ये पू होता. ग्रॅन्युलोमा, म्हणजे क्रोन्स किंवा क्षयात दिसू शकणाऱ्या पेशींच्या गाठी, नव्हते. पू तर साध्या संसर्गातही सापडतो. वजन होतं ते वाकड्या ग्रंथी आणि तळाच्या प्लाझ्मा पेशींना, कारण हे बदल व्हायला वेळ लागतो. चार दिवसांच्या हगवणीत ते दिसत नाहीत. निदान: डाव्या बाजूचा अल्सरेटिव्ह कोलायटिस, मध्यम तीव्रतेचा.

पहिले काही महिने

मेसालामाइन हे आतड्याची सूज उतरवणारं औषध, ४.८ ग्रॅम रोज एकाच वेळी तोंडावाटे आणि रोज रात्री मेसालामाइनचाच एनिमा. गोळ्या दिवसभरात विभागून घेतल्याने जास्त गुण येतो असं नाही, आणि एका वेळी घेतल्या तर विसरण्याची शक्यता कमी. खरी अडचण एनिमाची. रुग्णांना तो नको असतो, आणि खरं सांगायचं तर पुष्कळ डॉक्टरांनाही त्याबद्दल बोलायचा कंटाळा असतो. पण सूज जिथे सर्वांत जास्त आहे तिथे गोळीतलं औषध सर्वांत कमी पोचतं. डाव्या बाजूच्या आजारात गोळी आणि एनिमा दोन्ही मिळून जे साधतं ते नुसत्या गोळीने साधत नाही. डाव्या कुशीवर झोपून, औषध अंगाच्या उष्णतेइतकं कोमट करून, निजायच्या अगदी आधी कसं घ्यायचं हे परिचारिकेने त्यांना सावकाश समजावलं.

चौथ्या आठवड्यात खेपा दोनवर आल्या, रक्त थांबलं. शिरेतून लोह दिल्यावर हिमोग्लोबिन सावरलं. दहाव्या आठवड्यात मात्र कॅलप्रोटेक्टिन ४१० होतं. लक्षणं नव्हती, पण अस्तर अजून भरलेलं नव्हतं. २०२१च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी उपचारांचं लक्ष्य यासाठीच लक्षणांच्या पलीकडे नेलं आहे: आधी त्रास थांबावा, मग सीआरपी आणि कॅलप्रोटेक्टिन खाली यावं, आणि शेवटी दुर्बिणीतून अस्तर भरलेलं दिसावं. गोळ्या आणि एनिमा चालू ठेवून आठ आठवड्यांनी पुन्हा तपासायचं ठरलं.

त्या आल्या नाहीत. आधी एनिमा सुटला, पाचव्या महिन्याच्या सुमारास गोळ्याही. पुढे विचारलं तेव्हा उत्तर सरळ होतं: "काहीच होत नव्हतं, मग कशाला घ्यायचं?" याला बेफिकिरी म्हणायला मी तयार नाही. काहीही त्रास नसताना ढीगभर गोळ्या आणि एनिमा आयुष्यभर घेण्याची कल्पना एकोणतिसाव्या वर्षी कुणालाही जड जाईल.

त्यानंतर गुडघे दुखू लागले. आतडं पेटायला लागलं की मोठे सांधे दुखणं हा या आजाराचाच भाग असू शकतो. पण गुडघ्याचा आणि पोटाचा संबंध कुणाच्या मनात आला नाही. डायक्लोफेनॅक सुरू झालं. ही वेदनाशामकं काही रुग्णांमध्ये आजार उसळवतात. रक्त पुन्हा दिसलं तेव्हा कुणीतरी पाच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या, काही आठवड्यांनी पुन्हा पाच दिवस. असा तुटपुंजा कोर्स आगीवर नुसती राख ओढतो.

दाखल झाल्यावर

दिवसाला अकरा वेळा रक्ताचे जुलाब, नाडी ११२, ताप ३८.१ अंश सेल्सिअस, हिमोग्लोबिन ८.४, सीआरपी ९६, अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) २.६. ट्रूलव्ह आणि विट्स यांनी १९५५ साली ठरवलेला निकष आजही खाटेजवळ उभं राहून वापरता येतो: सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, आणि त्यासोबत नाडी ९०च्या वर, ताप ३७.८च्या वर, हिमोग्लोबिन १०.५च्या खाली किंवा ईएसआर (सूज दाखवणारी रक्ताची जुनी चाचणी) ३०च्या वर यांपैकी एक जरी असेल तर तो तीव्र झटका, आणि रुग्णाला दाखल करायचं. ईएसआरच्या जागी आता बरेच जण सीआरपी बघतात. त्याच काळच्या कॉर्टिसोन या स्टिरॉइडच्या अभ्यासात तीव्र झटक्याच्या रुग्णांमधले मृत्यू २४ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले होते. चांगल्या केंद्रांमध्ये आज हा आकडा एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली आहे. ते श्रेय एकट्या स्टिरॉइडचं नाही. स्टिरॉइड चालत नाही हे वेळेत ओळखण्याचंही आहे.

दाखल केल्या केल्या, स्टिरॉइडचा पहिला डोस जाण्याआधी, क्षयासाठी रक्ताची इग्रा चाचणी, छातीचा एक्स-रे आणि हिपॅटायटिस बीच्या चाचण्या पाठवल्या. या चाचण्या बायोलॉजिकल औषधाच्या तयारीच्या. ते प्रतिकारशक्तीचा एक भाग रोखतं, आणि दबलेला क्षय किंवा हिपॅटायटिस बी त्याने उसळू शकतो. त्या औषधाची गरज लागेल की नाही हे तेव्हा ठाऊक नव्हतं. पण गरज लागल्यावर चाचण्या पाठवल्या तर अहवालाची वाट बघण्यात नेमके मोलाचे दिवस जातात.

हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड १०० मिलिग्रॅम दर सहा तासांनी शिरेतून सुरू झालं. याहून मोठ्या मात्रेने जास्त गुण येत नाही. विष्ठेच्या जंतू-तपासण्या पुन्हा पाठवल्या. चोवीस तासांच्या आत, पोट साफ करण्याचं औषध न देता, हवा कमीत कमी भरून फक्त सिग्मॉइडपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणापर्यंत, दुर्बीण घातली. पूर्ण कोलोनोस्कोपी अशा वेळी करायची नसते, आतडं फुटण्याचा धोका असतो. खोल व्रण दिसले. बायोप्सीत सायटोमेगॅलो विषाणू आहे का ते मुद्दाम बघायला सांगितलं, कारण आधी स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णात तो आजार चिघळवू शकतो. अहवाल निरंक. पोटाच्या एक्स-रेमध्ये आडव्या आतड्याची रुंदी ४.२ सेंटिमीटर होती. ती ५.५ ते ६च्या पुढे गेली असती आणि सोबत नाडी-ताप असते, तर प्रकरण त्याच दिवशी शस्त्रक्रियेकडे वळलं असतं.

नातेवाइकांना सगळ्यात खटकलं ते हेपॅरिन. "एवढं रक्त जातंय आणि तुम्ही रक्त पातळ करायचं इंजेक्शन देता?" प्रश्न रास्तच. पण पेटलेल्या आतड्यामुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. पायाच्या शिरेत गाठ होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका या रुग्णांमध्ये खरा आहे, आणि प्रतिबंधक मात्रेतल्या हेपॅरिनने आतड्याचा रक्तस्राव लक्षणीय वाढत नाही. दुसरा आग्रह होता उपाशी ठेवण्याचा, 'आतड्याला विश्रांती' म्हणून. तिचा या आजारात फायदा दिसलेला नाही. अल्ब्युमिन २.६ असलेल्या माणसाला उपाशी ठेवण्यात तर नुकसानच. त्यांना जेवायला दिलं. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या आणि अफूच्या जातीची वेदनाशामकं मात्र पूर्ण बंद, कारण त्यांनी आतडं फुगू शकतं. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही कमी होते, ते भरून काढलं. त्यांच्या कमतरतेनेही आतडं सैल पडतं.

पहिल्याच दिवशी शल्यचिकित्सकांनी येऊन त्यांना पाहिलं. कुटुंब घाबरलं, "म्हणजे ऑपरेशनच ना?" ऑपरेशन ठरलेलं नव्हतं. पण शल्यचिकित्सकाशी पहिली भेट मध्यरात्री, संमतीपत्रावर सही करताना व्हावी हे मला मान्य नाही. गरज पडली तर मोठं आतडं काढून पोटावर तात्पुरतं द्वार करावं लागेल आणि पुढे लहान आतड्याची पिशवी बनवून ते बंद करता येईल, हे त्यांनी चित्र काढून सांगितलं.

तिसरा दिवस

सकाळी खेपा सात, सीआरपी ५८. ताप नव्हता. रुग्ण पहिल्यांदा हसल्या. नातेवाइकांच्या हिशेबाने उतार होता: अकरावरून सात, शहाण्णववरून अठ्ठावन्न. "आणखी दोन-तीन दिवस बघू या ना, कमी होतंय तर."

हा मोह डॉक्टरांनाही होतो. आकडे खाली येत असताना जास्त जोरकस औषध काढायचं धाडस होत नाही. पण इथे प्रश्न आकडे उतरले का हा नसतो, पुरेसे उतरले का हा असतो. त्यासाठी १९९६ साली ऑक्सफर्डहून आलेला एक साधा नियम आहे. स्टिरॉइडच्या तिसऱ्या दिवशी खेपा आठहून जास्त असतील, किंवा तीन ते आठ असून सीआरपी ४५च्या वर असेल, तर त्या अभ्यासातल्या अशा रुग्णांपैकी ८५ टक्क्यांना त्याच मुक्कामात मोठं आतडं काढावं लागलं होतं. तो अभ्यास इन्फ्लिक्सिमॅब या बायोलॉजिकल औषधाच्या आधीच्या काळातला आहे, त्यामुळे आज टक्केवारी तीच राहील असं नाही. पण कोणत्या रुग्णात स्टिरॉइड पुरं पडणार नाही हे नियम अजून नेमकं सांगतो. सात आणि ५८ त्यात बसत होते.

तीव्र झटक्यातल्या साधारण दोन-तृतीयांश रुग्णांना स्टिरॉइड लागू पडतं. उरलेल्या एक-तृतीयांशांत जे दगावतात किंवा शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंतीत अडकतात, त्यांच्यात 'आणखी दोन दिवस बघू' असं करत आठवडा उलटलेले बरेच असतात. दरम्यान अल्ब्युमिन घसरतं, संसर्ग शिरतो, आणि तीच शस्त्रक्रिया थकलेल्या शरीरावर करावी लागते. म्हणून तिसऱ्या दिवशी काय बघणार आणि कोणत्या आकड्याला काय करणार हे मी दाखल करतानाच केसपेपरवर लिहून ठेवतो आणि घरच्यांनाही सांगतो. त्या दिवशी वाद झाला नाही तो त्या लिहिलेल्या ओळीमुळे.

पर्याय दोन होते, प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोस्पोरिन आणि इन्फ्लिक्सिमॅब. २०१२ आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या तुलनांमध्ये दोघांत ठळक फरक दिसला नाही. मग निवड रुग्ण बघून करायची. मॅग्नेशियम कमी असताना सायक्लोस्पोरिनने आकडी (फिट) येण्याची भीती असते, रक्तातली पातळी वारंवार मोजावी लागते, आणि पुढे कायम चालवायला दुसरं औषध शोधावं लागतं. इन्फ्लिक्सिमॅब तेच पुढे चालू ठेवता येतं.

अडसर आला तो इग्राचा. अहवाल 'अनिर्णित' होता. शरीर इतकं आजारी असताना, आणि अलीकडे स्टिरॉइड झालेलं असताना, पेशी चाचणीला नीट प्रतिसादच देत नाहीत. अनिर्णित म्हणजे निरंक नव्हे, आणि दोषीही नव्हे. पुन्हा चाचणी करून थांबायला वेळ नव्हता. घरात किंवा कामावर कुणाला क्षय होता का हे नीट विचारलं, छातीचं सीटी स्कॅन करून घेतलं. दोन्हीकडे संशयाला जागा सापडली नाही. हिपॅटायटिस बीच्या चाचण्या निरंक होत्या. धोका लेखी समजावला आणि चौथ्या दिवशी इन्फ्लिक्सिमॅब ५ मिलिग्रॅम प्रतिकिलो दिलं.

सातव्या दिवशी खेपा तीन, रक्ताचा अंश, सीआरपी १२. नवव्या दिवशी घरी सोडलं. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या ४० मिलिग्रॅम, दर आठवड्याला पाचने कमी करत आठ आठवड्यांत बंद. सोबत कॅल्शियम आणि जीवनसत्त्व ड. इन्फ्लिक्सिमॅबचे पुढचे डोस दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्याला, मग दर आठ आठवड्यांनी.

त्यानंतर

इन्फ्लिक्सिमॅबविरुद्ध शरीर प्रतिपिंडं तयार करतं आणि औषध निष्प्रभ होत जातं. ते टाळायला अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध जोडलं. त्याआधी टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ या जनुकांची तपासणी केली. आशियाई वंशाच्या लोकांमध्ये दुसऱ्या जनुकातला दोष अधिक आढळतो. तो असलेल्या माणसाला नेहमीची मात्रा दिली तर काही आठवड्यांत पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात आणि केस पुंजक्याने गळतात. दोष नव्हता. तरी मात्रा हळूहळू वाढवली आणि सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी रक्त तपासलं. इग्राही स्टिरॉइड सुटल्यावर पुन्हा केली, ती निरंक आली.

सहा महिन्यांनी कॅलप्रोटेक्टिन ८६. दुर्बिणीतून गुदाशयात किंचित लाली, बाकी अस्तर भरलेलं. गुडघेदुखी कधी गेली ते त्यांना आठवत नव्हतं. अधूनमधून पोट फुगायचं, खेपा तीन-चारवर जायच्या, आणि प्रत्येक वेळी त्या धास्तावायच्या. असं झालं की आधी कॅलप्रोटेक्टिन करायचं ठरवलं. दोनदा केलं, दोन्ही वेळा शंभरच्या आत. आजार शमल्यानंतरही आतडं काही काळ हळवं राहतं. त्या कुरकुरीला स्टिरॉइडने उत्तर देणं म्हणजे कारण नसताना हाडं झिजवणं.

आता त्यांना मूल हवं आहे. किमान तीन ते सहा महिने आजार स्टिरॉइडशिवाय शांत असताना गर्भ राहावा हे सर्वांत सुरक्षित. गरोदरपणात औषधांपेक्षा पेटलेला आजार बाळाला जास्त महाग पडतो, त्यामुळे इन्फ्लिक्सिमॅब चालूच राहील. जन्मानंतर बाळाला बीसीजीसारख्या जिवंत लसी लगेच देता येणार नाहीत, कारण औषध नाळेतून बाळात पोचतं आणि काही महिने टिकतं. हे बालरोगतज्ज्ञांना आधीच कळवायचं आहे. कर्करोगाच्या पाळतीची कोलोनोस्कोपी लक्षणं सुरू झाल्यापासून आठव्या वर्षी. यकृताच्या चाचण्या आतापर्यंत नीट आहेत. पित्तनलिका सुजून अरुंद होण्याचा आजार, स्क्लेरोझिंग कोलँजायटिस, निघाला असता तर ही पाळत लगेच आणि दरवर्षी सुरू करावी लागली असती.

अझाथायोप्रिन किती दिवस ठेवायचं हे अजून ठरलेलं नाही. मी ते गरोदरपणातही चालू ठेवायच्या मताचा आहे. त्यांना एक औषध तरी कमी हवंय, आणि ती मागणी अवाजवी नाही. पुढच्या डोसआधी रक्तातली इन्फ्लिक्सिमॅबची पातळी मोजायची आहे. ती भक्कम असेल तर मी त्यांचं ऐकेन.